पूर्वेस नाला

वाड्याच्या खरेदीखतावर सही करायची होती, म्हणून सतरा वर्षांनी ग्वाल्हेरला गेलो. सौदा काकांनी परस्पर ठरवला होता. मला कळवले ते सगळे नक्की झाल्यावर. असो. सही करून निघालो आणि ढोलीबुवांच्या पुलावर रिक्षा थांबवायला सांगितली. रिक्षावाल्याने वळून पाहिले. या पुलावर कुणी थांबत नाही. नाक दाबून पलीकडे जातात.

खाली स्वर्णरेखा. नकाशात नदी, पण लष्कर भागातली माणसे तिला नालाच म्हणतात. हनुमान बांधाकडून ती येते आणि वस्तीच्या मधून फुलबागेकडे जाते. जून १८५८ मध्ये राणी लक्ष्मीबाईंचा घोडा जिच्या काठी अडला असे सांगतात, ती हीच. बाहेरची मंडळी समाधीपाशी हात जोडतात आणि किल्ल्याकडे वळतात. पाहुण्यांना मीही तसेच फिरवले आहे.

नावात सोने असले तरी या खोऱ्यात सोन्याची खाण नव्हती. इथल्या टेकड्यांतले ‘ग्वाल्हेर समूहा’चे खडक दोनशे कोटी वर्षांच्या आसपासचे. त्यांत शेल आहे, तांबडा जॅस्पर आहे, लोखंड आहे. त्यांच्यावर किल्ल्याचा वालुकाश्म. झारखंडातल्या सुवर्णरेखेची वाळू धुऊन लोक अजून सोन्याचे कण काढतात. आमच्या वाट्याला नुसते नाव आले. शाळेत गुरुजींना विचारले, तर म्हणाले, “तुझं नाव धनंजय असतं, तर खिशात पैसे असते का?”

तरीही या नदीतून सोने निघत असे. मी पाहिले आहे.

१८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी टाकली, तिचेच पुढे लष्कर शहर झाले. दरबार आला, सरदार आले, त्यांच्यामागून सोनार आले, सराफा वसला. सोनाराने कितीही जपून कानस चालवली तरी थोडा कीस उडतोच. तो धुळीत पडतो, धूळ झाडूने गटारात जाते, गटार नदीला मिळते. ही वाट नेमकी ठाऊक असलेला माणूस म्हणजे न्यारिया. महाराष्ट्रात त्याला झारेकरी म्हणतात.

आमच्या वाड्याचे मागचे दार नदीवर उघडत असे. दसरा झाला की एक म्हातारा न्यारिया दाराखालच्या वळणावर येऊन बसायचा. तिथे पाण्याचा जोर मोडायचा आणि गाळ साचायचा. गुडघाभर पाण्यात उभा राहून तो लोखंडी घमेले गोल गोल हलवायचा. वरची घाण वाहून जायची, हलकी रेती जायची, तळाशी शाईसारखी काळी रेघ उरायची. मी नऊ वर्षांचा होतो. त्या वर्षी वडील अंथरुणावर होते आणि आजीने आपल्या पाटल्या सराफ्यात नेऊन मोडल्या होत्या. काका तेव्हा चांगल्या नोकरीत होते.

त्या सकाळी शाळा बुडवून मी पायरीवर बसलो होतो. म्हाताऱ्याने काळ्या रेतीत पारा घातला, अंगठ्याने पुष्कळ वेळ मळला, फडक्यातून पिळला. उरलेली राखी गोळी निखाऱ्यावर ठेवली आणि मला हाताने खूण करून वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसवले. पारा उडून गेला. मागे मोहरीएवढा मणी राहिला. तो निवल्यावर त्याने माझ्या तळव्यावर ठेवला.

“नदी का सोना?” मी विचारले.

“नदी का कहाँ, लला. सराफे का.”

मी मूठ मिटली. आजीच्या पाटल्या जाऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. म्हातारा हसला, पण घाईघाईने नाही. एकेक बोट उलगडून त्याने मणी काढून घेतला. त्याचे हात पाण्याने पांढरे पडून सुरकुतले होते. काकांचे हात मी इतक्या जवळून कधी पाहिले नाहीत.

घरी आल्यावर आजीला सगळे सांगितले. ती तांदूळ निवडत होती. बऱ्याच वेळाने तिने विचारले, “केवढा होता रे?” मी करंगळीच्या नखावर दाखवले. ती पुन्हा तांदूळ निवडू लागली.

आता नदीचा तळ काँक्रीटचा आहे. गाळ धरून ठेवणारे ते वळण कुठे होते हे मला पुलावरून ओळखता आले नाही. फुलबागेकडे पात्रात एलिव्हेटेड रस्त्याचे खांब उभे आहेत. शहराला रस्ता हवा, हे मला कळते; त्यासाठी नदीचीच जागा मोकळी सापडावी, हे मात्र पटत नाही.

परतताना सराफ्यात एका कारागिराला धुळीचे विचारले. त्याने पायाखालची चटई दाखवली, हात धुतलेल्या पाण्याचे पिंप दाखवले. चटईसुद्धा जाळून तिच्या राखेतून सोने काढतात, म्हणाला. गटारात काही जाऊ देत नाहीत.

रात्री गाडीत खरेदीखताची प्रत वाचली. वाड्याच्या चतुःसीमा दिल्या आहेत. पश्चिमेस रस्ता, उत्तरेस आणि दक्षिणेस शेजाऱ्यांची घरे. पूर्वेस नाला.