आगोटीतलं रेशन

आगोट लागायच्या आधी दातिवऱ्याच्या बंदरातल्या होड्या ओढून वर घेतल्या जायच्या. तिथपासून नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यातून काही यायचं नाही आणि घरात पैसाही यायचा नाही. आम्ही चुलत भावंडं एकाच घरात वाढलो, १९६०च्या आसपास जन्मलेली. सुके बोंबील, जवळा, करंदी यांची बेगमी घरात असायची. पण आमची जमीन नव्हती, त्यामुळे बोंबलाच्या कालवणाबरोबरचा भात विकतच आणावा लागे. पावसाळ्याचे ते दिवस कंट्रोलच्या तांदळानेच निभावले.

‘कोटा आला’ अशी हाक ऐकली की आम्हाला पिशव्या आणि रॉकेलचा डबा देऊन पिटाळायचे. रांगेत आधी डबा उभा राहायचा, मग आम्ही. कार्ड थोरल्या काकीच्या ट्रंकेत असे, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. काकीला वाचता येत नव्हतं, पण कोणाचं नाव कितव्या ओळीवर आहे ते तिला पाठ होतं. घरात बाळ जन्मलं की पत्रिकेआधी त्याचं नाव कार्डावर चढे. दिवाळीला जास्तीची साखर आणि पामतेल मिळालं तरच करंज्या व्हायच्या.

१९७२च्या दुष्काळात तांदूळ कमी झाला आणि लाल मिलो आला. त्याची भाकरी घशाखाली उतरत नसे. आजी त्यात तांदळाचं पीठ मिसळायची आणि आम्ही कुरकुर केली की डोळे वटारायची. त्याच सुमाराला मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या बायकांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी केली. लाटणी हातात घेऊन हजारो बायका रस्त्यावर उतरल्या. सफाळ्याहून गाडीने मासळीच्या पाट्या घेऊन जाणाऱ्या आमच्या काकीने असा एक मोर्चा पाहिला होता. ती सांगायची, ‘त्या बाया ओरडल्या म्हणून आपल्या पिशवीत तेल पडतं.’ आम्हाला राजकारण जे काही कळलं, ते आधी या वाक्यातून.

तेव्हाचं धान्य काही फार चांगलं नव्हतं. खडे असायचे, वास यायचा, कधी कोटाच यायचा नाही. पण कार्ड सगळ्या गावाचं होतं. दुकानात गडबड झाली तर मास्तरांची बायकोही आमच्या आयांबरोबर उभी राहून जाब विचारायची. १९९७ साली केंद्राने दारिद्र्यरेषेच्या वरचे आणि खालचे असे भाग पाडले. १९९९मध्ये आपल्या राज्यात पिवळी, केशरी आणि पांढरी कार्डं आली. वर्षाला १५,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असेल तर पिवळं, घरात टेलिफोन असेल तर पिवळं नाही. आमच्या एकाच घराच्या दोन चुलींना दोन रंगांची कार्डं मिळाली. सख्ख्या जावा, एकाच होडीवर पोट असलेल्या, रेशनच्या हिशेबात वेगळ्या झाल्या. २००० साली केशरीवाल्यांच्या धान्याचा भाव इतका चढवला की त्यांनी दुकानाची पायरी चढणंच सोडलं. मग दुकानदाराला जाब विचारायला उरले फक्त सगळ्यांत गरीब. कपात करण्याची ही सगळ्यांत परिणामकारक रीत आहे, असं माझं ठाम मत आहे.

ते धान्य वाचून गेलं कुठे? २००२च्या उन्हाळ्यात सरकारी गोदामांत ६ कोटी टनांहून जास्त साठा पडून होता. आणि आमच्याच तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, जव्हारच्या वावर-वांगणीत, त्याच्या दहा वर्षं आधी कुपोषणाने शंभराहून अधिक मुलं गेली होती. ‘भुकेवर खर्च परवडत नाही’ हे वाक्य कोणी उच्चारलं की मला वावर-वांगणी आठवते.

२०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी ५ किलो धान्य हक्काचं केलं. ते आता मोफतही आहे, आणि हे चांगलंच झालं. पण बाकीचं हळूहळू सुटत गेलं. गॅस आला म्हणून रॉकेल गेलं. २०१७पासून केंद्राची स्वस्त साखर फक्त सगळ्यांत गरिबांच्या अंत्योदय कार्डावर उरली. २०२२च्या दिवाळीत १०० रुपयांत सुरू झालेला आनंदाचा शिधा २०२५च्या दिवाळीत मिळाला नाही. अन्नसुरक्षा कायद्याखाली राज्याच्या वाट्याला आलेला सुमारे ७ कोटी माणसांचा आकडा २०११च्या जनगणनेवर बेतलेला आहे. त्यानंतर घरोघरी जन्मलेली लेकरं त्यात बसवायची कुठे?

उत्पन्नाची अट पाहा. खेड्यात वर्षाला ४४,००० रुपये, म्हणजे महिन्याला साडेतीन हजारांच्या थोडं वर. आमच्या भावंडांची मुलं बोईसरला, तारापूर एमआयडीसीत कंत्राटावर जातात. बारा तास उभं राहणारा तो पोरगा या कागदावर गरीब ठरत नाही. आणि जी नावं यादीत आहेत, त्यांना ई-केवायसी करा नाहीतर धान्य थांबेल, असं सांगितलं जातं. जन्मभर मिठात मासळी हाताळलेल्या बाईच्या अंगठ्याचा ठसा यंत्रावर उठत नाही. गावात रेंज नसते. गैरप्रकार थांबवायला हवेत, हे मान्य. पण यंत्र चुकलं तर उपाशी तिने का राहायचं?

आता १ जून ते ३१ जुलै मासेमारीला सरकारच बंदी घालतं. माशांच्या विणीसाठी ती हवीच, आमच्या आज्यापणज्यांनीही ती पाळली. मात्र दर्या बंद ठेवायचा आणि त्याच दोन महिन्यांत यादीतून नावं गाळायची, हे अन्यायाचं आहे. ४४,०००ची अट वाढली पाहिजे आणि नवीन नावांना जागा मिळाली पाहिजे. दातिवरे, एडवण, कोरे, केळवे, जिथे कुठे तुम्ही असाल, तिथल्या पुढच्या ग्रामसभेत रेशनची यादी मोठ्याने वाचून घ्या. गाळलेलं प्रत्येक नाव का गाळलं ते लेखी मागा. तुमचं स्वतःचं कार्ड कुठल्याही रंगाचं असलं, तरी त्या दिवशी हजर राहा.