मुलाखत

मुलाखत हा शब्द मूळचा अरबी. त्याचा अर्थ भेट. मुंबईतील एका मोठ्या रुग्णालयाने आम्हांस अकराची भेट दिली होती, म्हणून पुण्याहून सव्वासातच्या डेक्कन क्वीनने आम्ही निघालो. जागा होती रुग्णांची कागदपत्रे सांभाळणाऱ्या विभागातील. हे काम आम्ही पूर्वी अकरा वर्षे केलेले. हृदयविकाराच्या तीव्र झटक्यास आय-२१, दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहास ई-११, हे रोगांच्या जागतिक वर्गीकरणातील संकेत आम्हांस पाढ्यांप्रमाणे पाठ. २०२२ साली त्याची अकरावी आवृत्ती अमलात आली, तिचीही उजळणी घाट उतरेपर्यंत करून झाली.

अकराचे पावणेतीन झाले. समोरच्या भिंतीवर एका परिचारिकेचे भले मोठे चित्र होते. रुग्णाचा हात तिने दोन्ही हातांत धरलेला. पावणेचार तासांत ते आम्हांस इतके परिचयाचे झाले की तिच्या बोटांतील अंगठीही लक्षात राहिली.

आत तिघे होते. एक मोबाईलमध्ये मग्न. बाईंनी आमचा अर्ज बहुधा तेव्हाच प्रथम हाती घेतला असावा, कारण पहिले पान वाचून झाल्यावर त्यांनी आमचे नाव विचारले. संकेतांविषयी कोणी अक्षर काढले नाही. तिसरे गृहस्थ म्हणाले, “दोन हजार एकवीस ते तेवीस. हा गॅप कसला?”

“वडिलांना अर्धांगवायू झाला होता. त्यांची शुश्रूषा करीत होतो.”

“ते ठीक आहे. पण काम काय करीत होता?”

वाचकहो, दर दोन तासांनी कूस पालटणे, रात्री गजर लावून उठणे, नाकातील नळीवाटे पेज देताना उसे उंच ठेवणे, माकडहाडापाशी लाल चट्टा दिसतो का हे रोज दिव्याजवळ नेऊन पाहणे, असे सव्वीस महिने गेले. अण्णांच्या पाठीला एकही व्रण पडला नाही. हे सारे जिभेवर आले. पण त्या तिघांपुढे ते मांडणे म्हणजे अण्णांना पुन्हा एकदा चारचौघांत उघडे करणे झाले असते. आम्ही म्हणालो, “काही नाही.”

गृहस्थांनी तेवढे मात्र लिहून घेतले. मग पगार नवख्याचाच धरावा लागेल असे सांगितले, आणि कळवू म्हणाले.

लिफ्टपाशी एक म्हातारबाबा स्ट्रेचरवर होते. लघवीची पिशवी कोणी त्यांच्या पोटावरच ठेवून दिलेली. ती मूत्राशयाहून उंच राहिली की लघवी नळीतून मागे फिरते आणि जंतू आत शिरतात. आम्ही ती उचलून खाली, कडेच्या दांडीला अडकवली; नळीला पडलेला पीळही सोडविला. वॉर्डबॉय पाहत होता.

“नवीन लागलात का, साहेब?”

“नाही,” आम्ही म्हणालो, “भेटायला आलो होतो.”