पाहुणा शिकारी आणि आपले शिवार

जालन्याहून चिखलीकडे निघाले की वाटेत देऊळगाव राजा लागते. सारा विदर्भ या गावाला बालाजीचे गाव म्हणून ओळखतो. जवळच जिजाऊसाहेबांचे सिंदखेड राजा आहे. संत चोखामेळ्यांचे जन्मगाव मेहुणा राजा याच तालुक्यात येते, आणि खडकपूर्णा नदीवरच्या धरणालाही संत चोखासागर हेच नाव दिलेले आहे. शिवारात सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा आणि जागोजागी बीजोत्पादनाची शेडनेट दिसतात. यात्रेला आलेला माणूस दर्शन घेतो, बाजार करतो आणि परत फिरतो. या गावाच्या उशाशी एक जुनी सरहद्द आहे, याची आठवण फार थोड्यांना असते.

१८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला, जालना मात्र निजामाकडेच राहिले. पुढे स्वातंत्र्य आले तरी १९५६ पर्यंत जालना हैदराबाद राज्यात होते आणि आपला बुलढाणा जिल्हा त्या वेळच्या मध्य प्रदेशात. म्हणजे आपल्या आजी-आजोबांच्या काळात देऊळगावची मुलगी जालन्याला दिली, तर ती परराज्यात गेली असे म्हणावे लागे! आज परराज्यातून येणाऱ्या शिकाऱ्यांची चर्चा निघते, तेव्हा हैदराबाद आणि मध्य प्रदेश हीच दोन नावे पुढे येतात. म्हणून ही सरहद्द आधी सांगितली.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोन शिक्षक कुटुंबे देऊळगाव मही, चिखली, बुलढाणा या रस्त्याने ज्ञानगंगा अभयारण्याकडे गेलो होतो. बुलढाणा-खामगाव मार्गावरचा बोथा घाट या जंगलातूनच जातो. १९९७ साली घोषित झालेले हे अभयारण्य सुमारे २०५ चौरस किलोमीटरचे आहे. अस्वल आणि बिबट्या ही त्याची ओळख. मुलांना मात्र वाघाचेच वेड होते, कारण शाळेत त्यांना 'वॉकर'ची गोष्ट सांगितलेली होती.

हा नर वाघ यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा. २०१९ मध्ये त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर बसवली गेली. जोडीदारीण आणि स्वतःची हद्द शोधत तो निघाला, तेलंगणात शिरला, परत महाराष्ट्रात आला आणि तेराशे किलोमीटरहून जास्त चालून त्याच वर्षाच्या डिसेंबरात ज्ञानगंगेत पोहोचला. शेते, नाले, रस्ते तुडवत आलेल्या या मुसाफिराला कुणी त्याचे राज्य विचारले नाही. पुढे २०२१ मध्ये तो गौताळ्याच्या जंगलात आढळला.

घाटाखाली चहाच्या टपरीवर गप्पा रंगल्या, तेव्हा तिथले शेतकरी वाघापेक्षा रोह्यांबद्दल जास्त बोलले. पुस्तकात ज्याला नीलगाय म्हणतात, तो हा रोही. नावात गाय असली तरी तो कुरंगाच्या कुळातला. बिहारमध्ये त्याला घोडपरास म्हणतात. कळप शेतात शिरला की हरभरा एका रात्रीत साफ होतो. रानडुकरे तर खातात त्याच्या दुप्पट तुडवतात. "सर, पेरणीपासून जागल सुरू होते ती माल घरी येईपर्यंत," एक म्हातारेबाबा म्हणाले. "हैदराबादचे शिकारी बोलावले पाहिजेत. बिहारमध्ये बोलावले होते ना?"

बाबांची माहिती खरी होती. केंद्र सरकारने बिहारच्या काही जिल्ह्यांत रोही आणि रानडुकरे ठरावीक मुदतीसाठी उपद्रवी जाहीर केली होती. जून २०१६ मध्ये मोकामा भागात हैदराबादहून बोलावलेल्या बंदूकधाऱ्यांनी दोनशेहून अधिक रोही मारले. त्यावरून दिल्लीत केंद्राच्या दोन मंत्र्यांमध्येच जाहीर वाद झाला. पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांचे म्हणणे असे की राज्यांनी मागणी केली म्हणून परवानगी दिली. मेनका गांधींना ही कत्तल मान्य नव्हती. टपरीवर मात्र वाद नव्हता. ज्याचे पीक गेले, त्याला शिकारी देवदूतच वाटणार.

पण शिकार वाघिणीची असली तर? पांढरकवडा आणि राळेगाव परिसरातली 'अवनी' म्हणजेच टी-१ वाघीण सर्वांना आठवत असेल. दोन वर्षांत १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. कापसाच्या शेतात एकटे जायला बाया-माणसे घाबरत. तिला पकडण्यासाठी हत्ती, ड्रोन, उष्णता टिपणारे कॅमेरे सारे झाले. सर्वोच्च न्यायालयानेही सप्टेंबर २०१८ मध्ये वनविभागाच्या आदेशात हस्तक्षेप केला नाही. हैदराबादचे नवाब शफात अली खान यांना पाचारण करण्यात आले, आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री त्यांचे चिरंजीव असगर अली खान यांच्या गोळीने वाघीण ठार झाली.

त्या गावांत पेढे वाटले गेले, शहरांत निषेधाचे मोर्चे निघाले. बेशुद्धीचे इंजेक्शन खरोखर आधी मारले होते का, रात्रीची वेळ का निवडली, आदेश एकाच्या नावे असताना गोळी दुसऱ्याने का झाडली, असे प्रश्न उभे राहिले आणि चौकशा झाल्या. तिची दोन बछडी मागे राहिली. त्यातले मादी पिल्लू डिसेंबरात पकडून पेंचला नेण्यात आले. खरे सांगायचे तर आमच्या काही घरांत 'नवाब' हा शब्द ऐकूनच छाती फुगली होती आणि काही ठिकाणी तोच शब्द ऐकून कपाळाला आठ्या पडल्या होत्या. दोन्ही गोष्टी सारख्याच चुकीच्या. गोळी कायद्याच्या चौकटीत होती की नाही हे बघायचे असते, त्यासाठी शिकाऱ्याचे आडनाव कामाला येत नाही.

तिसरे शिकारी कुणी बोलावलेले नसतात. २०१३ साली मेळघाटात वाघांच्या शिकारी उघडकीस आल्या, तेव्हा तपासाचे धागे मध्य प्रदेशातल्या कटनीकडच्या टोळ्यांपर्यंत गेले. जानेवारी २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याजवळही मध्य प्रदेशातून आलेल्या एका टोळीप्रमुखाला अटक झाली. हे लोक पाणवठ्याजवळ लोखंडी सापळे लावतात. कातडी आणि हाडांचा खरा पैसा दूरच्या व्यापाऱ्याच्या खिशात जातो, तुरुंगात मात्र सापळा लावणारा जातो.

अशी बातमी आली की पहिला फटका बसतो तो गावाबाहेर पाल ठोकून राहणाऱ्या माणसांना. पारधी समाजाचे नावच पारध या शब्दावरून पडलेले. इंग्रजांनी १८७१ चा कायदा करून अशा कित्येक जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण आपल्या मनातून गेला का? वाघ मेळघाटात मारला जातो आणि पाल उठवले जाते आपल्या गावच्या माळावरचे. पाल उठले की त्यातली मुले शाळेच्या पटावरूनही उठतात. हजेरी घेताना त्यांचे नाव पुकारायचे आणि उत्तर यायचे नाही, हे आम्हा शिक्षकांच्या वाट्याला येते. एका जमातीवर सरसकट शिक्का बसला की काय वाटते, हे या मासिकाच्या वाचकांना वेगळे समजावून सांगायला नको.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. वाघासारखा प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला, तर मुख्य वन्यजीव रक्षक लेखी आदेश काढू शकतात. पण आधी त्याला पकडता किंवा बेशुद्ध करता येत नाही याची खात्री करावी लागते. म्हणजे गोळी हा शेवटचा उपाय. आपल्या दीनची शिकवणही याच वाटेने जाते. गरजेपोटी शिकार जायज आहे, पण जिवंत प्राण्याला नेमबाजीचे निशाण करण्यास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मनाई केली. एहरामच्या हालतीत तर जमिनीवरची शिकार पवित्र कुरआनने हराम ठरवली आहे. दोन पांढऱ्या चादरी अंगावर आल्या की बादशहाचीही बंदूक खाली राहते.

मग त्या म्हाताऱ्याबाबांना काय सांगायचे? त्यांचा हरभरा गेलेला आहे, त्यांना उपदेश पुरणार नाही. त्यांना हवे आहे चांगले कुंपण, वेळेवर पंचनामा आणि हातात पडणारी भरपाई. हे मिळाले नाही की माणूस रात्री तारेत चोरून वीज सोडतो. त्या तारेने विदर्भात वाघही मेले आणि जागलीला गेलेले शेतकरीही. शिकारी चार दिवस येतो आणि गोळ्या झाडून जातो. कळप पुढच्या हंगामात परत येतो. पाहुण्याच्या बंदुकीवर शेती राखता येत नाही, ती गावाने आणि सरकारने मिळून राखावी लागते.

म्हणून पाहुणा शिकारी आला की घरात तीन प्रश्न विचारावेत. आदेश कुणाचा आहे? गरज कुणाची आहे? आणि तो गेल्यावर आपल्या शिवारात काय बदलणार आहे? तो कोणत्या राज्याचा, कोणत्या जमातीचा, हे प्रश्न सोडून दिले तरी चालतील. राज्यांच्या रेषा आपल्या आजोबांच्या डोळ्यांदेखत बदलल्या. रोही आणि वाघ यांना त्या कधी कळल्याच नाहीत, आणि पिकाचे नुकसान रेषेच्या दोन्ही बाजूंना सारखेच होते.