जुनी दुखापत आणि नवी निवड

मुलें पारखण्यांत आयुष्य घालविल्यामुळें दूरदेशची एक पारख मला विचार करण्याजोगी वाटते. अमेरिकन फुटबॉलमध्यें क्वार्टरबॅक हा संघाचा सूत्रधार; प्रतिपक्षाचे धिप्पाड गडी त्याच्यावरच तुटून पडतात. तेथील व्यावसायिक संघ दरवर्षीं पाळीपाळीनें महाविद्यालयीन खेळाडू निवडतात. अलाबामाच्या तुआ टागोवायलोआचा खुबा नोव्हेंबर २०१९ मध्यें निखळला. तरीहि एप्रिल २०२० मध्यें मायामी डॉल्फिन्सनें त्यास पांचव्या क्रमांकावर निवडलें. २०२३ च्या हंगामांत सर्व १७ सामने खेळून त्यानें ४,६२४ यार्डांची फेक केली. तीच त्या वर्षींची सर्वाधिक होती. परंतु २०२२ मध्यें डोक्यास मार बसला, आणि सप्टेंबर २०२४ मध्यें स्वतः चेंडू घेऊन धांवतांना तो डोकें पुढें करून आदळला. निवडीच्या वेळीं भय खुब्याचें होतें. पुढें घात झाला तो डोक्याला!

तात्पर्य, दुखापती नुसत्या मोजूं नयेत. त्यांचें कारण शोधावें. निखळलेला सांधा बसतो, पण आघात ओढवून घेण्याची संवय क्ष-किरणांच्या चित्रांत उमटत नाहीं. ती खेळ पाहूनच ओळखावी लागते, आणि वेळींच सोडवावी लागते. संघास पुढें दुसरा क्वार्टरबॅक मिळेल. त्या मुलास दुसरें मस्तक कोठून मिळणार?