मुदतीचे देणे

पुतण्याची लेन्स घरी आली तेव्हा मगरीबची नमाज नुकतीच आटोपली होती. कुरिअरवाला मोमिनपुऱ्याच्या गल्ल्यांत दोनदा चुकला आणि शेवटी आमच्या नाक्यावरच्या चहावाल्याने त्याला दारापर्यंत आणून सोडले. डबा हातात पडताच घरभर ईद झाली. पुतण्याने बिस्मिल्ला म्हणून भाजीच्या सुरीने चिकटपट्टी कापली, लहानग्यांनी फुगेवाले प्लास्टिक पळवले, भावजयीने डब्याचे पुठ्ठे आवरायला घेतले आणि आत निघालेली दोन-चार कागदपत्रे सर्वांच्या पायाखाली आली. ती कोणी उचलली नाहीत. आम्हीही नाही. आम्ही जन्मभर शाळेत मराठी शिकवले, मुलांना कागद वाचायला लावले. पण त्या संध्याकाळी आम्हीसुद्धा लेन्सच हातात घेऊन बसलो होतो.

ही २०२३ च्या दिवाळीची गोष्ट. पुतण्या लग्नांचे फोटो काढतो. निकाह, वलीमा, मेहंदी. मोहर्रम आणि रमजान सोडले तर हाताला काम असते. त्याच्याजवळ कॅमेऱ्यासोबत आलेली साधी लेन्स होती. जनानखान्याच्या बाजूला उजेड कमी, तिथे फ्लॅश मारला की दुल्हन डोळे मिटते आणि तिची नानी रागावते. म्हणून त्याला ८५ मिमीची, एफ १.८ ची लेन्स हवी होती. साध्या लेन्सचे भोक ५.६ वर अडते. १.८ वर उजेड तिच्या जवळजवळ दहापट येतो, असे त्याने आम्हाला कागदावर गणित मांडून दाखवले. बर्डीच्या दुकानात तिची किंमत छत्तीस हजार होती, ऑनलाइन सेलमध्ये साडेएकतीस. हप्त्यांवर घ्यायची नाही, व्याजाच्या वाटेला जायचे नाही, हे घरात आधीच ठरलेले. भावजयीची बीसी त्याच महिन्यात निघाली होती. त्यात पुतण्याने आपली बचत घातली. म्हणजे साडेचार हजार वाचवण्यासाठी घेतलेला तो निर्णय एका आईच्या वर्षभराच्या काटकसरीवर उभा होता. हे आधी सांगितले नाही तर पुढचे सारे उगाच किरकोळ वाटेल.

आमच्या अब्बांनीही एकदा कॅमेरा घेतला होता, आग्फा क्लिक थ्री. एका रोलवर बारा फोटो निघायचे. तोही बर्डीतूनच घेतला होता. दुकानदाराने बिलाचा चिटोरा दिला असेल-नसेल, अब्बांनी गॅरंटीचे विचारले तेव्हा तो म्हणाला, "मास्तर, मी इथंच बसलो आहे ना!" तीन वर्षांनी शटर अडकले तेव्हा तो खरोखर तिथेच बसलेला होता. त्याने कॅमेरा नीट करून दिला आणि वर चहा पाजला. आमच्या घराला गॅरंटी म्हणजे काय हे त्या माणसाच्या चेहऱ्यावरून कळलेले. बिनचेहऱ्याच्या दुकानात काय मागायचे असते, हे कुणी शिकवलेच नव्हते.

लेन्स येऊन बारा दिवस झाले असतील. एका वलीम्यात दुसऱ्या फोटोग्राफरने पुतण्याला सहज विचारले, "वॉरंटी चढवून घेतली का रे?" पुतण्या घरी आला तो उतरल्या चेहऱ्यानेच.

"बडे अब्बा, डब्यातले कागद कुठं आहेत?"

कागद रद्दीच्या पोत्यात सापडले. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावून बसलो. पलीकडची मुलगी फार अदबीने बोलत होती. तिने तीन गोष्टी विचारल्या. लेन्सच्या बुडाशी कोरलेला अनुक्रमांक, बिलाची तारीख, आणि डब्यावर चिकटवलेल्या पट्टीवर आयातदाराचे नाव काय आहे. पहिल्या दोन आम्ही धडाधडा सांगितल्या. तिसरीसाठी डबा उलटासुलटा केला, भिंग आणले, पोराच्या तरण्या डोळ्यांनी पाहिले, आमच्या चष्म्याने पाहिले. जपानी होते, इंग्रजी होते, जर्मन होते. आयातदाराची पट्टी नव्हती. मुलीने अनुक्रमांक तपासला आणि सांगितले की हा नंबर भारतात आणलेल्या मालात नाही. लेन्स नकली आहे का, असे आम्ही घाबरून विचारले. ती म्हणाली, नकली असेल असे नाही, पण इथे वॉरंटी मिळणार नाही.

तेव्हा कुठे उलगडा झाला. कंपनी आपल्या भारतातल्या शाखेमार्फत जो माल आणते, त्याचीच जबाबदारी इथे घेते. कुणी व्यापारी तोच माल दुसऱ्या देशातून स्वस्तात उचलून आणतो, त्याला बाजारात ग्रे माल म्हणतात. काच तीच, कारखाना तोच, फक्त जबाबदारी घेणारा कुणी नाही. डब्यात वॉरंटी कार्ड होते, सुरेख छापलेले. त्यावरच्या देशांच्या यादीत भारत नव्हता. आणि ओळखायची खूण तर आमच्या डोळ्यांसमोर होती. वेष्टनबंद मालावर आयातदाराचे नाव-पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष, किरकोळ विक्रीची कमाल किंमत आणि तक्रारीचा पत्ता छापलाच पाहिजे, असा वजनमापाच्या कायद्याखालचा २०११ चा नियम आहे. १ जानेवारी २०१८ पासून ऑनलाइन विकणाऱ्यांनाही यातली बहुतेक माहिती विक्रीच्या वेळीच दाखवावी लागते. बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख आमची नात वाचते. साडेएकतीस हजारांच्या डब्यावरची पट्टी वाचायला घरात कुणी नव्हते.

जुम्म्याच्या तकरीरीत अधूनमधून ऐकायला मिळते की कॅमेरा मुसलमानाने शोधला. तेवढे खरे नाही. इब्न अल-हैसम बसऱ्यात जन्मले, कैरोत राहिले, आणि हजार वर्षांपूर्वी किताब अल-मनाझिर या सात खंडांच्या ग्रंथात त्यांनी सांगितले की डोळ्यातून किरण निघत नाहीत, वस्तूवरून उजेड डोळ्यात येतो. अंधाऱ्या खोलीत बारीक छिद्रातून येणाऱ्या उजेडाचे प्रयोगही त्यांनी केले. ते एवढे करू शकले, कारण ते कुणाच्या सांगण्यावर विसंबले नाहीत, तपासून पाहत गेले. आम्ही त्यांचे नाव तेवढे घेतो.

वॉरंटी असती तरी तिने किती धरले असते, हेही या निमित्ताने वाचले. लेन्स पडली, पाणी गेले, रेती गेली, बाहेरच्या कारागिराने उघडली, तर वॉरंटी संपली. बहुतेक कंपन्या बुरशीही धरत नाहीत. आमच्या विदर्भात जुलै-ऑगस्टमध्ये कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे काचेची काय कथा! म्हणजे लग्नातल्या फोटोग्राफरच्या लेन्सला होणारे निम्मे आजार तसेही आपल्याच अंगावर. उरते ती कारखान्याची चूक. पण तीच महाग असते. आतली मोटर गेली तर दुरुस्तीत हजारो रुपये जातात आणि तारीख दिलेले लग्न थांबत नाही.

माल परत करायची मुदत सात दिवसांची होती, ती टळली होती. पुतण्या म्हणाला, विकताना 'कंपनीची वॉरंटी' असेच लिहिले होते. आम्ही म्हटले, दाखव. त्याने पाहिले तर तिथे आता 'विक्रेत्याची वॉरंटी' होते. आधीचे काय होते, त्याची आमच्याजवळ नोंद नाही. पोराच्या शब्दावर आमचा विश्वास आहे. पण आमचा विश्वास हा पुरावा नव्हे.

धाकट्या भावाला हे कळले तेव्हा तो पहिल्यांदा पोरावर ओरडला आणि मग म्हणाला, "जाऊ द्या भाईजान. आपलं कोण ऐकतं? अर्जावर आपलं नाव पाहिलं की झालं." हे वाक्य आमच्या वस्तीत फार स्वस्त झाले आहे. त्यात खोटे काहीच नाही असे आम्ही म्हणणार नाही, आम्हीही दिवस पाहिले आहेत. पण अर्ज न करताच नकार घरी घेऊन येणे, हे आम्हाला पटत नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. १९८६ च्या जुन्या कायद्यात तक्रार सहसा समोरचा जिथे धंदा करतो तिथे, किंवा व्यवहार जिथे घडला तिथे करावी लागे. आता ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात करता येते. म्हणजे विक्रेता कुठल्याही शहरात असो, आम्हाला सिव्हिल लाइन्सपर्यंतच जायचे होते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असे नाही, आणि मुदत दोन वर्षांची. त्याआधी १९१५ हा मदतीचा नंबर आहे. आणि २०२० च्याच ई-कॉमर्स नियमांप्रमाणे अशा प्रत्येक दुकानाला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा.

आम्ही अर्ज लिहिला. पुतण्याचे पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, ठळक घातले. पोच दोन दिवसांत आली. सव्विसाव्या दिवशी उत्तर आले: विक्रेता स्वतःची एक वर्षाची हमी देईल, शिवाय दोन हजार रुपये जमा करील. नाव पाहून कुणी नाकारले नव्हते. आमची बाजू कच्ची निघाली ती कागद नसल्यामुळे. पुढे आयोगात जावे, असे आम्हाला वाटत होते. पण पुतण्याचा हंगाम सुरू झाला होता आणि त्याने दोन हजार घेऊन विषय मिटवला. आम्ही त्याच्यावर थोडे नाराज झालो, हे लपवत नाही.

त्या दिवसांत सूरह बकराची २८२ वी आयत आम्ही पुन्हा अर्थासह वाचली. कुरआन शरीफमधली ही सर्वांत लांब आयत, आणि ती आहे देण्याघेण्याचे कागद करण्याविषयी. मुदतीचे देणे असेल तर लिहून घ्या, रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका. हातोहात व्यवहार असेल तर न लिहिले तरी चालेल, पण खरेदी-विक्रीला साक्षीदार ठेवा. असा तिचा आशय आम्हाला समजला. आम्ही आलिम नाही. चूक असेल तर अल्लाह माफ करो. पण वाचता वाचता वाटले की आपण पैसे मोजले, माल घेतला, व्यवहार हातोहात झाला, असे आपण समजतो आणि फसतो ते इथेच. पैसे संपले, पण वॉरंटी उरली ना? दोन वर्षांत काही बिघडले तर नीट करून देईन, हे त्यांच्याकडे राहिलेले आपले देणेच की! ते कुणाच्या अंगावर आहे, कधीपासून, कधीपर्यंत, हे लिहून घेतल्याशिवाय ते देणे ठरतच नाही.

खरी परीक्षा पुढे आली. उन्हाळ्यात भावजयीच्या गुडघ्यांचे दुखणे वाढले, पैसे लागले, आणि पुतण्याने लेन्स विकायला काढली. कामठीचा एक मुलगा सत्तावीस हजारांना तयार झाला. आदल्या रात्री जेवताना आम्ही विचारले, "वॉरंटीचं त्याला सांगितलंस?"

पुतण्या ताटात पाहत राहिला. धाकटा भाऊ म्हणाला, "डबा आहे, कार्ड आहे. त्याने विचारलं तर सांगू. नाही विचारलं तर त्याची समज."

शेवटी आम्हालाही कुणी असेच म्हटले होते. विचारले नाहीत, तर तुमची समज. आम्ही मदीनेच्या बाजारातली धान्याची रास आठवून दिली. पैगंबरांनी (स.) राशीत हात घातला तर बोटे ओली झाली. धान्यवाला म्हणाला, पाऊस लागला. त्यावर त्यांनी विचारले की मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का नाही ठेवले? भावाला ही हदीस आमच्यापेक्षा चांगली पाठ आहे. तो काही बोलला नाही. भावजय स्वयंपाकघरातून म्हणाली, "मेरे घुटने किसी की आह पे नहीं चलेंगे." तिने हे आमच्यासाठी म्हटले की नवऱ्यासाठी, कळले नाही.

कामठीचा मुलगा सकाळी आला. चहा यायच्या आधीच पुतण्याने डबा त्याच्यासमोर उलटा ठेवला आणि पट्टी नाही हे बोट ठेवून दाखवले. मुलाने बिलाचा फोटो घेतला, अनुक्रमांक टिपला, अब्बांना विचारून सांगतो म्हणाला, चहा पिऊन गेला. त्याचा फोन आला नाही. पुढचे दोन महिने लेन्स आमच्या कपाटात हवाबंद डब्यात, सिलिकाच्या पुड्यांसोबत पडून होती. पावसाळा तोंडावर होता. गुडघ्यांसाठी आमच्या बेगमने आपल्या बांगड्यांतली एक काढून दिली, आणि त्यावरून घरात दोन दिवस कुणी कुणाशी धड बोलले नाही.

जूनच्या अखेरीस ताजबागेकडच्या एका फोटोग्राफरने ती चोवीस हजारांना घेतली. आम्ही वहीचे पान फाडले आणि मराठीत लिहिले: लेन्सचा अनुक्रमांक हा, रक्कम मिळाली ती ही, भारतातली कंपनीची वॉरंटी नाही, हे घेणाऱ्यास सांगितले आहे. खाली दोघांच्या सह्या, साक्षीदार म्हणून आम्ही आणि धाकटा भाऊ. घेणारा हसत होता. सेकंडहँड मालाला एवढा निकाहनामा त्याने पाहिला नव्हता म्हणे. पान घडी करून त्याने खिशात घातले आणि गाडीला किक मारली.

तेवढ्यात भावजय दारात आली.

"जरा रुकने बोलो उसको. अपना झेरॉक्स किधर है?"