कारल्याचा मांडव आणि बारा फुटी सांगाडा

समोरच्या घरापुढे सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात सांगाडा उभा राहिला. होम डेपोने 2020 साली बाजारात आणलेला, बारा फूट उंच, डोळे लुकलुकणारा प्लॅस्टिकचा सांगाडा. तेव्हा त्याची किंमत 299 डॉलर होती आणि लोकांनी तो रांगा लावून घेतला. हॅलोविन ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी असतं, म्हणजे अजून दोन महिने बाकी होते. आमच्या वसाहतीच्या नियमांत सणाची सजावट तीस दिवसांहून आधी लावू नये असं स्पष्ट लिहिलंय. त्या सांगाड्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. त्याच आठवड्यात आमच्या दारावर मात्र एचओएची नोटीस आली: पुढच्या अंगणातलं बिनपरवाना बांधकाम चौदा दिवसांत हटवा, नाहीतर रोज दंड. बांधकाम म्हणजे आमचा कारल्याचा मांडव. ही 2023 ची गोष्ट. अजूनही आठवण झाली की डोकं तापतं.

एचओए म्हणजे काय हे अमेरिकेतल्या मराठी माणसाला सांगायला नको. इतरांनी सोसायटीची कमिटी समजावी. फरक इतकाच की इथली भांडणं गळतीवरून आणि पार्किंगवरून होण्याऐवजी गवताच्या उंचीवरून होतात. ही हौस जुनी आहे. लाँग आयलंडवर 1947 पासून लेव्हिटटाउन उभं राहिलं, तिथल्या घरांच्या करारातच उन्हाळ्यात दर आठवड्याला गवत कापण्याची अट होती आणि कुंपण घालायला बंदी होती. आज या देशात सिंचनावर वाढणारं सगळ्यात मोठं पीक कोणतं, तर लॉन. 2005 साली उपग्रहचित्रांवरून काढलेल्या अंदाजात त्याचं क्षेत्र सिंचनाखालच्या मक्याच्या तिप्पट निघालं होतं. आणि त्यातलं एक पातंही कोणाच्या ताटात जात नाही.

आम्ही मेरीलँडमध्ये, फ्रेडरिकजवळ राहतो. मागच्या अंगणात ओकची तीन झाडं आहेत, तिथे दुपारी बारालाही दिवा लावावा अशी सावली. कारल्याला दिवसाचं सहा-आठ तास ऊन लागतं आणि ते आमच्याकडे फक्त पुढच्या बाजूला पडतं. त्या वर्षी एप्रिलमध्ये सासूबाई कुडाळहून सहा महिन्यांसाठी आल्या. आल्या आल्या त्यांनी पुढचं हिरवंगार गवत बघितलं आणि विचारलं, "ह्या कोणाक घालतास? गुरा तर दिसणत नाय."

मग आमचं दोघींचं सुरू झालं. माझा नवरा अशा कामात फक्त गाडी चालवतो. पहिल्यांदा आम्ही पॅलेट जमवली. दुकानांच्या मागे ही लाकडी पॅलेट फुकट पडलेली असतात, पण उचलण्याआधी त्यावरचा शिक्का बघायचा. एचटी असेल तर लाकूड नुसतं तापवून निर्जंतुक केलेलं असतं, ते खुशाल घ्यावं. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते, त्याला हातही लावू नये. जुन्या डेकच्या फळ्या तर कोणी फुकट देत असेल तरी भाजीच्या वाफ्याला वापरू नयेत. 2003 च्या आधीच्या लाकडात बहुतेक वेळा आर्सेनिक मुरलेलं असतं. एचटीच्या फळ्यांतून आम्ही दोन वाफे केले, दिसायलाही बरे दिसत होते.

मांडवासाठी बांबू शोधला, तो सोन्याच्या भावाने मिळत होता. त्याऐवजी गुरांच्या गोठ्याला लावतात ती जाड तारेची जाळी घेतली. सोळा फूट लांब, सव्वाचार फूट रुंद, किंमत तीस-पस्तीस डॉलर. चार लोखंडी खुंट जमिनीत ठोकायचे, दोन इकडे, दोन तिकडे. मग जाळीची दोन टोकं दोघींनी धरायची आणि एकमेकींकडे हळूहळू चालत यायचं, म्हणजे मधला भाग आपोआप कमान होऊन वर उठतो. हे वाचायला सोपं वाटतं. जाळी अशी उसळी मारते की एकीचा हात सुटला तर दुसरीच्या तोंडावर. सासूबाई पंच्याहत्तरीच्या, पण त्यांनी टोक पायाखाली असं दाबून धरलं की मीच धडपडले. खुंटांना जाळी तारेने आवळली आणि साडेसहा फुटी कमान उभी राहिली. खालून माणूस ताठ मानेने जाईल अशी.

कारल्याच्या बीची टरफलं नेलकटरने किंचित खरवडली, रात्रभर भिजवून ओल्या टिश्यूत गुंडाळून फ्रिजच्या वर ठेवली. तिथे ऊब असते. मेच्या मध्यावर, थंडी पडायची भीती संपल्यावर, रोपं जमिनीत गेली. एका बाजूला कारली, दुसऱ्या बाजूला तवशी, खाली झेंडू. ऑगस्टमध्ये जाळी दिसेनाशी झाली. संध्याकाळी फिरायला निघालेले लोक थांबून बघायचे, एक बाई तर रोज कुत्र्याला घेऊन कमानीखालून जायची.

आणि मग ती नोटीस.

मी लगेच कायदा काढून बसले. मेरीलँडमध्ये 1 ऑक्टोबर 2021 पासून असा कायदा आहे की एचओएला कोणावर गवताचीच सक्ती करता येत नाही. हॉवर्ड काउंटीतल्या एका जोडप्याने फुलपाखरांसाठी देशी झाडं लावली म्हणून त्यांच्यामागे एचओए लागली, ते कोर्टात गेले, त्यातून हा कायदा झाला. परागीभवनाची बाग, पावसाचं पाणी जिरवणारी बाग, कमी पाण्याची बाग, सगळ्याला त्यात संरक्षण आहे. भाजीचं नाव मात्र नाही. फ्लोरिडाने 2019 मध्ये पुढच्या अंगणातल्या भाजीला कायद्याने मोकळीक दिली, पण ती गावपालिकांपुरती, एचओएला लागू नाही. म्हणजे मधमाशी आमच्या कारल्याच्या फुलावर बसली तर ती कायद्याच्या बाजूची, आणि त्याच फुलाचं कारलं झालं की ते कायद्याबाहेर. पहिल्या महायुद्धात आणि नंतर दुसऱ्या महायुद्धात याच देशाने लोकांना अंगणात भाजी लावा म्हणून पोस्टर छापली. 1943 मध्ये एलेनॉर रूझवेल्टबाईंनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर भाजी लावली होती. तेव्हा ती देशभक्ती होती.

नोटिशीवरची सुनावणी क्लबहाउसच्या छोट्या खोलीत झाली. टेबलापलीकडे तिघंजण, पुढ्यात आमच्या मांडवाचे रंगीत फोटो. सगळ्या कोपऱ्यांतून काढलेले, एक तर आमच्या खिडकीच्या इतक्या जवळून की आतला मिक्सर दिसत होता. हे फोटो कोणी काढले, कधी काढले, मी विचारलं. त्याचं उत्तर मिळालं नाही. मग त्यांनी नियमावली उघडली आणि मला परवानगी असलेल्या गोष्टींची यादी वाचून दाखवली. त्यात कमान होती! सात फुटांपर्यंत उंच, धातूची चालेल, पुढच्या अंगणात चालेल. मी म्हटलं, मग आमची साडेसहाच आहे. त्यावर मधल्या गृहस्थांनी फार सौजन्याने सांगितलं की कमान गुलाबासाठी किंवा शोभेच्या वेलीसाठी असावी लागते. मी विचारलं, याच जाळीवर उद्या मी गुलाब चढवला तर? तर चालेल, ते म्हणाले. हीच जाळी, हेच खुंट, हीच जागा? हो. मग हटकण्यासारखं नक्की काय आहे? त्यांनी फोटोकडे बोट केलं. बोट एका लोंबणाऱ्या कारल्यावर होतं.

ते बोट मला आजही दिसतं. लोक म्हणतात, सोड, एवढंसं कारलं. पण एखाद्याने तुमच्या घरच्या जेवणाकडे बोट करून हे शोभेचं नाही म्हणावं, यात एवढंसं काही नसतं. खोलीतून बाहेर पडताना मी दात-ओठ खात होते आणि जे बोलायला हवं होतं ते मला पुढच्या वर्षी सापडलं. व्हर्जिनियात मॉन्टिसेलोला गेलो होतो, थॉमस जेफरसनचं घर बघायला. तिथे कळलं की त्याने फुलझाडांच्या वाफ्यात बाल्सम ॲपल लावली होती. ती म्हणजे आपल्या कारल्याचीच जवळची बहीण, वनस्पतिशास्त्रात एकाच कुळीची. पानं तशीच, फळ छोटं, खडबडीत, पिकलं की केशरी फुटणारं. या देशाच्या तिसऱ्या राष्ट्राध्यक्षाने शोभेसाठी लावलेली! मी त्या बागेत उभी राहून नवऱ्याला म्हटलं, आत्ताच्या आत्ता त्या तिघांना इथे आण. पण तोवर सगळं उरकून गेलं होतं.

उरकलं ते असं. सुनावणीनंतर अपिलासाठी जेमतेम काही दिवस होते. मी कोकणातली, मला सणाच्या सजावटीची अट आठवली. मी लिहून दिलं की ही कमान आमच्या गणेशोत्सवाची पारंपरिक सजावट आहे, हिला माटवी म्हणतात, हिच्यावर हंगामातली फळं-भाज्या टांगतात, आणि चतुर्थी 19 सप्टेंबरला आहे. सोबत सिंधुदुर्गातल्या माटव्यांचे आणि गोव्यातल्या माटोळ्यांचे फोटो जोडले. दोन दिवसांत उत्तर आलं: मान्य. सण संपल्यावर तीस दिवसांत काढावी.

मी आनंदाने हे सासूबाईंना सांगितलं तर त्या गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, "अंगणात माटवी कोण बांधता गो? माटवी गणपतीच्या डोक्यावर असता." मी म्हटलं, अहो, ती त्यांना सांगायची गोष्ट. "सांगलंस मा तेंका? मगे आता बांधूकच व्हयी."

आणि आम्ही बांधली. उरलेल्या पॅलेटच्या पट्ट्यांची चौकट केली, ती सिलिंगला टांगायची होती. इथलं सिलिंग जिप्समचं, नारळ टांगला तर सिलिंगसकट खाली. त्यामुळे आतल्या लाकडी तुळया शोधाव्या लागल्या. त्या बहुधा दर सोळा इंचांवर असतात; एक सापडली की पुढच्या मोजून मिळतात. तिथे आकडे पिळून बसवले. इंडियन स्टोअरमधल्या नारळांना देठ नसतो, म्हणून त्यांना दोरीची जाळी विणली. मांडवावरची कारली, तवशी आणली, आंब्याचे टाळे नव्हते. सुपारीचं शिपटं कुठून आणणार? कवंडाळ, हरणाची फुलं, शेरवडं यांची सासूबाई नुसती नावं घेत राहिल्या.

मग एका दुपारी त्या वसाहतीमागच्या पायवाटेवरून हातभर वेल ओढत आल्या. "गो, ही कांगणी मां?" ती होती ओरिएंटल बिटरस्वीट, इथे रान माजवणारी, झाडांचे गळे आवळणारी आशियाई वेल. पण मालकांगोणीची चुलत बहीणच! घोस अजून हिरवे होते. ते आम्ही माटवीला बांधले. (कोणी हे करणार असेल तर विसर्जनानंतर ती वेल कंपोस्टमध्ये टाकू नका, पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात द्या, पक्षी बिया नेतात आणि पुढच्या वर्षी सगळ्या गल्लीभर कांगणी.) बाजूला थर्माकोलऐवजी डॉलर ट्रीचे फोमबोर्ड लावायचा माझा बेत होता. महाराष्ट्रात 2018 पासून थर्माकोलच्या सजावटीला बंदी आहे, आणि इथे मंडळांची निम्मी मखरं त्याच फोमच्या जातभाईची असतात. सासूबाईंनी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा काढून दिला. त्यावर मी गेरूसारख्या रंगाने वारली काढली. ती सजावट मला माझ्या आजवरच्या सगळ्यांत जास्त आवडते.

आता एक खरं सांगते. गेल्या वर्षी शेजारच्यांनी पुढच्या अंगणात निळ्या प्लॅस्टिकचं हरितगृह उभं केलं, टोमॅटोसाठी. वाऱ्याने फडफडतं, एका बाजूने फाटलंय, दोरीने दगडाला बांधलंय. सकाळी चहा घेताना ते समोर येतं आणि मला वाटतं, हे कोणीतरी काढायला लावावं. नवरा हसतो. हे घर घेताना मीच म्हटलं होतं, किती नीटनेटकी वसाहत आहे. अजूनही मला ती नीटनेटकीच आवडते. पण त्या खोलीतले तिघं बरोबर होते असं मात्र मी मरेपर्यंत म्हणणार नाही.

कोणाला बाग करायची असेल तर माझं ऐका: आधी नियमावली वाचा, मग तिच्यातली भोकं वाचा, आणि अर्जासोबत फोटो जोडा. चांगला फोटो शंभर कलमांना भारी पडतो.

सासूबाई या वर्षी पुन्हा येतायत. मी यंदा आधीच अर्ज भरला आहे, मार्चमध्ये, आराखड्यासकट. वेलीच्या रकान्यात "बाल्सम पेअर, शोभेची" असं लिहिलंय, खोटं नाहीये, कारल्याला इंग्रजीत तेही नाव आहे. उंचीच्या रकान्यात सहा फूट लिहिलंय. ती साडेसहाच होणार, कारण जाळी सोळा फुटांचीच मिळते आणि ती कापायला सासूबाई देणार नाहीत.