वाघानं माळ घातलेली नाही

रात्रभर शेळी ओरडत होती. गेल्या हिवाळ्यात मी माहेरी, घोडेगावला, दादाच्या मळ्यात राहायला गेले होते. वनखात्यानं उसाच्या कडेला पिंजरा लावलेला. मी कूस बदलतेय हे पाहून वहिनी अंधारातच म्हणाली, "झोपा ताई, तिला काही होत नाही." खरंच होत नाही. पिंजऱ्याला दोन कप्पे असतात. मागच्या कप्प्यात शेळी, मधे जाळी, पुढचा कप्पा मोकळा. वासावर बिबट्या आत शिरला की दार खाली पडतं. शेळीला ओरखडाही उठत नाही. फक्त हे तिला कुणी सांगितलेलं नसतं.

शेळी दादाचीच होती. दादाच्या गळ्यात वारकऱ्याची माळ आहे, आमच्या वडिलांच्या, अण्णांच्या मागं त्यानं घातलेली. मला झोप न येण्याचं कारण ओरडणं नव्हतं, माळकऱ्याची शेळी आमिषाला, हे होतं.

पिंजऱ्यापासून हाकेच्या अंतरावर आमचा वाघोबा. गुडघ्याएवढा दगड, शेंदराचे थर चढून चढून त्याचे नाकडोळे कधीच बुजलेले. आजीचं माहेर वरच्या खोऱ्यातलं, आता डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. वाघोबाचं सगळं तिच्याकडं असायचं. अश्विन वद्य द्वादशीला गावात वसुबारस आणि आमच्या बांधावर वाघबारस, एकाच दिवशी. संध्याकाळी गाय-वासराला ओवाळायचं, आणि जो त्यांना खाईल त्यालाही त्याच दिवशी जेवू घालायचं. गुराखी पोरं घरोघर तांदूळ-गूळ मागून दगडापाशी खीर शिजवत. एक पोरगा वाघ व्हायचा, बाकीचे त्याला आरोळ्या ठोकत शिवेपार पिटाळून लावत. पण खीर पोरांची. वाघोबाचा मान वेगळा होता. बहुतेक वर्षी कोंबडा, आणि गोठ्यात काही आक्रीत घडलं की करडू.

बहात्तरच्या दुष्काळानंतर अण्णांनी माळ घातली. घरातलं मटणाचं पातेलं त्यांनी स्वतः घासून बोहारणीला दिलं. गाडगेबाबांनी जत्रांमधली पशुहत्या बंद व्हावी म्हणून जन्मभर कीर्तनं केली, ते वारं आमच्या भागात तेव्हाही होतं. अण्णा तसलंच एक कीर्तन ऐकून आले आणि त्यांनी ठरवलं की यापुढं वाघोबाला नारळ. त्या वर्षी आमची एक कालवड वाघरानं नेली होती, म्हणून आजीनं करडू बोललेलं. काळं, एक कान पांढरा. अण्णांनी दावं सोडलं आणि करडू घराकडं हाकललं. दगडापुढं नारळ फोडला.

आजी ओरडली नाही. पदर खोचत एवढंच म्हणाली, "माळ तू घातलीस. वाघानं न्हाई घातली."

मी पुढं शाळा शिकले, शाळेत शिकवलं, धर्मावरची बरीच जाड पुस्तकं वाचली. त्या वाक्याला उत्तर मला अजून सापडलेलं नाही. अण्णांनाही तेव्हा सापडलं नाही. ते नारळाच्या शेंड्या गोळा करत बसले.

अण्णांची दया खरी होती, यात मला शंका नाही. कुत्र्याला कुणी दगड मारला तरी त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. पण त्यांच्यावर माझा एक राग आहे आणि तो मी सोडणार नाही. करडू वाचवलं त्यांनी, सांभाळलं आजीनं आणि मी. पाला मी आणायचा, लेंड्या मी काढायच्या. माझी भूगोलाची वही त्यानंच खाल्ली. मग एका वर्षी पेरणीला पैसे कमी पडले, तेव्हा अण्णांनीच ते दोरीला धरून आठवडे बाजारात नेलं आणि विकलं. चांगलं माजलेलं बोकड होतं ते. घेणारा त्याला वारीला नेणार नव्हता, हे अण्णांना ठाऊक होतं, मला होतं, बोकडालाही असावं. पण आमच्या बांधावर रक्त सांडलं नाही. आजीनं त्या दिवशी मुद्दाम विचारलं, "पैसं किती आलं?" आणि अण्णांनी आकडा सांगितला.

हे लिहिताना मला भीमाशंकरची घंटा का आठवते कोण जाणे. घोडेगावावरूनच तो रस्ता जातो. देवळापुढं दोन खांबांच्या मधे ती टांगलेली आहे, वर १७२१ साल. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली, त्यानंतर तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणून ठिकठिकाणच्या देवळांना दिल्या, त्यातली ही एक. अण्णा मला उचलून धरायचे आणि मी टोल द्यायचे. ख्रिस्तासाठी ओतलेली घंटा महादेवापुढं अडीचशे वर्षांहून जास्त काळ वाजते आहे, आणि कुणाचंच काही बिघडलेलं नाही. आमच्याकडं मात्र करडाच्या जागी नारळ आला तर माय-लेकांत कायमची अढी पडली. घंटेला बहुधा कुणी काही बोललेलं नसावं.

धरणाचं पाणी फिरलं, बाजरी गेली, ऊस आला. बिबट्याला ऊस मानवला. दाट, थंड, पाणी जवळ, कुत्री-डुकरं हाताशी. मादी तिथंच विते. तोडणीच्या वेळी पाचटात पिल्लं सापडतात, मग वनखात्याची माणसं ती पाटीत ठेवून रात्री आईची वाट बघतात आणि तिनं पिल्लं उचलून नेल्याचं चित्रण सकाळी सगळ्यांच्या फोनवर येतं. उसात जन्मलेल्या त्या पिल्लांनी भीमाशंकरचं जंगल पाहिलेलंही नसतं.

आधी हे जनावर धरून लांब सोडायची पद्धत होती. विद्या अत्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्नर वनविभागाचा अभ्यास २०११ साली छापला. माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते. बिबटे मोठ्या संख्येनं पकडून दुसऱ्या जंगलात सोडायला लागल्यावर ते १७ वर गेले, आणि जिवावर बेतणाऱ्या हल्ल्यांचं प्रमाण दुपटीनं वाढलं. मी हे दादाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "म्हणजे शीव मोडली की चवताळतो. म्हातारी हेच सांगायची." मला ते पटलं नाही. हल्ली आजीसारख्या बायकांना मागाहून पर्यावरणतज्ज्ञ ठरवायची टूम निघाली आहे. ठाणे, पालघर, मुंबई उपनगरात अभ्यासकांनी वाघोबाची दीडशे ठाणी नोंदवली, २०२१ साली त्यावर लेख आला, आणि तेव्हापासून सहजीवन, सहजीवन म्हणून सगळे डोलतात. आजी सहजीवन वगैरे काही करत नव्हती. ती सौदा करत होती. एक करडू घे, माझ्या गाई सोड. सौदा पाळला नाही तर ती वाघोबाला शिव्या द्यायची, आणि त्या मी इथं लिहू शकत नाही.

मग २०२५ चा ऑक्टोबर आला. शेजारच्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेड-जांबूतकडं, तीन आठवड्यांच्या आत तीन माणसं गेली. त्यांत दोन लेकरं होती. लोकांनी मंचरला पुणे-नाशिक महामार्ग अडवला, पिंपरखेडला वनखात्याची गाडी पेटवली, शेवटी बिबट्याला गोळी घातली गेली. दादाही महामार्गावर बसला होता, माळेसकट. "मारलाच पाहिजे," तो मला फोनवर म्हणाला. अण्णा असते तर काय म्हणाले असते, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मी गिळलं. दादाची नातवंडं त्याच उसाच्या कडेनं शाळेत जातात.

डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनाच्या वेळी वनमंत्री गणेश नाईकांनी सांगितलं, की बिबटे वस्तीत येऊ नयेत म्हणून जंगलात शेळ्या सोडू. टीव्हीवर लोक हसले. मीही हसले आणि मग थांबले. अण्णांनी दावं सोडून परत हाकललेलं करडू सरकार आता एक कोटी रुपयांच्या हिशेबानं पाठवू म्हणत होतं. पण आजीला पिंजराच जास्त खटकला असता. वाघाला शेळी दाखवायची, वास द्यायचा आणि द्यायची नाही. अण्णांनी निदान उघड नारळ फोडला होता.

दादाची मुलगी, माझी भाची, पुण्यात शिकते. ती मांस खात नाही, पण माळेमुळे नाही, कत्तलखान्याचे व्हिडिओ बघून. देव मानत नाही. त्या मुक्कामात तिनं जेवताना सांगितलं, "आई, आपणच त्यांच्या जागेत घुसलोय."

वहिनी भाकरी थापत होती. "कुठं घुसलोय? मी लग्न होऊन आले तेव्हा तो इथं नव्हता. तुझ्या बापानं ऊस लावला, मग तो आला."

"मग ऊस काढा."

"काढते. तुझी फी कशातून भरायची ते सांग."

भाची चिडून उठली. वहिनी माझ्याकडं वळून म्हणाली, "ताई, हिचंही खरं हाय हो. पण पाणी धरायला रात्री दोनला मी जाते. लाइट तवाच येती." थ्री फेज वीज रात्रीची असली की बायामाणसं बॅटरी घेऊन वाफे बदलत फिरतात, आणि बसून वाकलेलं माणूस बिबट्याला माणूस वाटतच नाही. वहिनी संध्याकाळी वाघोबाला दिवा लावते. रात्री गळ्याला जाड मफलर गुंडाळते. या दोन्हींत तिला काही विसंगत वाटत नाही, आणि मलाही तिच्या समोर बसून वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी वस्तीवरच्या बायांनी अर्ज करायचा ठरवला आणि मास्तरीण म्हणून तो मी लिहिला. शेतीला दिवसा वीज द्यावी. वस्तीच्या रस्त्याला दिवे लावावेत. शाळेला जाणाऱ्या पोरांसाठी गाडी असावी. पिंजऱ्यातल्या शेळीचा चारा खात्यानं द्यावा, ही दादाची भर. सह्या-अंगठे झाल्यावर एका म्हातारीनं कागद परत मागितला आणि म्हणाली, "वाघोबावर पत्र्याची शेड पायजे, ते पण टाक." भाचीनं कपाळाला हात लावला, पण लिहिलं तिनंच, माझ्यापेक्षा अक्षर बरं म्हणून.

वनखात्याच्या कचेरीतल्या कारकुनानं अर्ज दोनदा वाचला. वीज आमच्याकडं येत नाही म्हणाला, दिवे ग्रामपंचायतीकडं, गाडीचं शिक्षण खात्याला विचारा. शेडवर पेन ठेवून त्यानं वर पाहिलं आणि विचारलं, "जागा कुणाच्या नावावर आहे? सातबारा जोडा."